दिवेलागणीच्या रेषा

८ जानेवारी १९९०, सोमवार

यंत्र आलं. औरंगाबादहून जीपमध्ये, जुन्या सतरंजीत गुंडाळून. स्पेक्ट्रम ॲनालायझर. बी.एस्सी.च्या पुस्तकात त्याचं एक धुरकट छायाचित्र होतं, तेवढीच माझी त्याची ओळख. हवेत कोणकोणते सिग्नल आहेत, कोणता कुठल्या जागी आणि किती जोराचा, हे ते हिरव्या पडद्यावर डोंगररांगेसारखं उभं करून दाखवतं. आमच्यासारख्या माळावरच्या लहान टीव्ही केंद्राला असलं यंत्र कायमचं कोण देतो? महिनाभरासाठी आलंय, वालूरच्या तक्रारीपुरतं.

मी पदराला हात पुसून पुढे झाले. व्यंकटराव साहेबांनी कपाटाची किल्ली चन्नबसम्माच्या हातात दिली.

"या हैदराबादला होत्या तेव्हापासून वापरतात. तुम्ही त्यांच्याकडून शिकून घ्या, नर्मदाबाई."

चन्नबसम्मा बिरादार. उदगीरकडची, डिप्लोमावाली, माझ्याहून थोडी मोठी. दसऱ्यानंतर बदलून आली आणि आठवड्याभरात सगळ्या केंद्राची अक्का झाली. ड्रायव्हर मुंजाजी तर तिच्या बापाच्या वयाचा, तोही 'अक्का' म्हणतो. मी मॅडम म्हणते.

या वहीत खोटं लिहायचं नाही असं मी पहिल्या पानावर लिहिलं आहे, म्हणून लिहिते. मला तिचा हेवा वाटला. जेवताना खडा लागावा तसा. आमच्या झरीच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. भौतिकशास्त्रात पहिला वर्ग. आणि किल्ली तिच्याकडे.

११ जानेवारी

वालूरची तक्रार अशी आहे. दिवसा चित्र स्वच्छ. दिवेलागण झाली की त्यावर तिरप्या रेषा उमटतात, त्या माणसं झोपेपर्यंत जात नाहीत. दिवाळीपासून हे चाललंय. आज पुन्हा तिथून दोघे आले. त्यातला एक मला म्हणाला, "बाई, संध्याकाळ झाली की तुमी तिकडं तार ढिली सोडता काय? बातम्या सांगणारी बाई आमाला जाळीच्या आडून बोलल्यावानी दिसायलीय."

ते गेल्यावर साहेबांनी चहा घेता घेता सांगितलं. दिल्लीला तीन महिन्यांचं प्रशिक्षण आहे, आणि आपल्या केंद्रातून एकच नाव जाईल. "जी या रेषांचं मूळ शोधेल, तिचं."

बोलताना ते तिच्याकडे बघत होते असं मला वाटलं.

मला दिल्लीला जायचंच आहे. झरीला गेलं की दर खेपेला एक नवं स्थळ पुढे येतं. आमचे दादा, म्हणजे वडील, नुसते माझ्याकडे बघतात. दिल्लीचं नाव निघालं तर त्यांनाही गावात मान वर करून सांगायला काहीतरी होईल. आणि मला खरंच वाटतं, की आपल्याकडच्या मुलींनी नुसती बटणं पुसायची नाहीत, ती दाबायचीही. हे मी कॉलेजात भाषणात म्हणाले होते. तेव्हा टाळ्या पडल्या होत्या.

१३ जानेवारी

मार्कर शिकले.

पडद्यावर एक ठिपका असतो, तोच मार्कर. तो ज्या शिखरावर नेऊन बसवावा, त्या शिखराची जागा आणि जोर वरच्या कोपऱ्यात आकड्यांत उमटतो. 'पीक'चं बटण दाबलं की ठिपका आपणहून सगळ्यांत उंच शिखरावर जाऊन बसतो. आमच्या माळावर ते शिखर अर्थातच आमच्याच केंद्राचं, चित्राचं. पुढचं बटण दाबलं की त्याच्याखालोखालच्या शिखरावर जातो, ते आवाजाचं. बाणाच्या बटणांनी हवा तिकडे सरकवताही येतो. आणि मग डेल्टा. एका शिखरावर एक ठिपका रोवून ठेवायचा आणि दुसरा हलवायचा. आता कोपऱ्यात दिसतो तो फक्त दोघांतला फरक. पहिल्यापासून दुसरा किती लांब आणि किती कमी.

मला डेल्टा लगेच समजला. गेले तीन महिने मी दुसरं काय करते आहे?

तिची बोटं बटणांवर पेटी वाजवल्यासारखी चालतात. पडद्याकडे बघतही नाही. मान वर, नजर समोरच्या भिंतीवर. असा तोरा! मग मला हुकूम, "वाच गं, कोपऱ्यात काय आलं?"

"एकशे एकोणनव्वद पॉइंट दोन पाच."

"जोर?"

मी वाचते, ती लिहून घेते. केवढाल्या अक्षरांत, अर्ध्या पानावर एक आकडा. सरकारी कागद काय वाटेल तसा उधळते. मी पदवीधर, आणि हिच्या हाताखाली आकडे वाचणारी कारकून.

१४ जानेवारी

संक्रांत. तिने तिळगूळ दिला. घेतला. गोड बोलायचं होतं, नुसतं "हो" म्हणाले.

१७ जानेवारी

आज मी साहेबांसमोर सरळ विचारलं, "रेषा संध्याकाळी येतात तर आपण संध्याकाळीच वालूरला गेलं पाहिजे ना?"

साहेब म्हणाले, "बरोबर आहे."

ती खाली बघत म्हणाली, "संध्याकाळचं मला जमत न्हाई, साहेब."

का, ते नाही. कारण सांगायची तिला गरजच वाटत नाही. पाच वाजले की तिचा भाऊ गुरुपाद सायकल घेऊन फाटकाशी उभा असतो. बहीण मागच्या कॅरिअरवर बसते, राणीसारखी, आणि दिवस मावळायच्या आत घरी. मी आठ-आठ वाजेपर्यंत पाळी करून काट्याकुट्यांतून एकटी खोलीवर येते.

दुपारी मी स्टुलावर ठेवलेल्या चहाला तिचा हात लागला आणि कप माझ्या वहीवर उलटला. "दिसला न्हाई गं," म्हणाली. हातभर अंतरावरचा कप! माझं काही तिला दिसतच नाही, हेच खरं.

घरमालकीण बायनाबाईंना सांगितलं तर त्या भाकरी थापता थापता हसल्या. "लाडाची असंल, एकुलती एक बहीण. तुला कोण न्यायला यायलंय? तुला तर लांडगा बी वाट सोडंल, तोंड बघ कसं करून बसलीस."

२२ जानेवारी, सोमवार

परभणीला विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा. एसटी बंद, साहेब तिकडेच अडकले. कॉलेजात असते तर मीही गेले असते. एकदा गेले होते, घोषणा देऊन घसा बसला होता. माझ्या पदवीच्या कागदावर अजून जुनंच नाव आहे. बदलायचंच आहे ते.

पाचला निघताना तिने आपण होऊन किल्ली माझ्यासमोर ठेवली. "संध्याकाळी बघायचं म्हणत होतीस न्हवं? घे, बघ."

ती गेली. यंत्र आणि मी. बाहेर माळ लाल झाला होता. दिवे लागेपर्यंत मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मग छपरावरच्या अँटेनाची वायर लावली. बारीकसुद्धा सिग्नल सुटू नये म्हणून, आत येणारा सिग्नल दाबणारं जे बटण असतं, अटेन्युएटर, ते पार शून्यावर आणलं. पीक दाबलं, ठिपका आमच्या शिखरावर बसला. तिथे तो रोवला, डेल्टा लावला आणि डावीकडे सरकत गेले.

आणि तिथे एक शिखर उभं होतं! जिथे काहीच असायला नको तिथे. आमच्या चित्रापासून साडेपाच मेगाहर्ट्झ डावीकडे. चांगलं ठसठशीत.

आमचंच केंद्र ते बाहेर टाकत असणार. आणि दिवाळीत ट्रान्समीटर कुणी जुळवला? तिने. एकटीने, माझी रजा असताना.

मी किती आनंदले ते इथे लिहायची लाज वाटते. पण लिहिते. खोलीवर येताना गाणं म्हणत आले.

२३ जानेवारी

साहेब आले. मी आकडे सांगितले, चित्र काढून दाखवलं. ते गंभीर झाले, लगेच वर औरंगाबादला फोन लावला. "आमच्याच ट्रान्समीटरमध्ये दोष सापडला आहे," असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली.

ती दारात उभी होती. मला वाटलं होतं ती रडेल.

२४ जानेवारी

साहेब बँकेत गेल्यावर तिने मला यंत्रापाशी बोलावलं.

"दिवसा बघितलीस का ती जागा?"

"रेषा संध्याकाळीच येतात, मॅडम."

"आत्ता बघ."

बघितलं. भर दुपारी ते शिखर जसंच्या तसं होतं.

"चित्रापासून किती लांब म्हणालीस?"

"साडेपाच."

"आन् उजवीकडं आवाजाचं शिखर किती लांब हाय?"

साडेपाच. आरशात बघावं तसं. हे माझ्या ध्यानात कसं आलं नाही?

"अटेन्युएटर किती होता?"

"शून्य. लहान सिग्नल दिसावेत म्हणून..."

ती हसली नाही, हे तिचं मला जास्त लागलं. "आपण टॉवरच्या पायाशी बसलोय गं. हितं त्याच्या कानात कुणी बोंबलल्यावानी हुतंय. मग त्याचंच त्याच्या पोटात घुमायला लागतंय आन् नसलेली शिखरं दिसतेत. दहा टाक. आता वाच."

दहा टाकले. खरा सिग्नल असता तर यंत्राने दाबलेल्या दहाचा हिशेब धरून आकडा तोच दाखवला असता. आमच्या चित्राचा आकडा जागचा हलला नाही. माझं शिखर वीसने खाली बसलं. आणखी दहा टाकले, तर गायबच. बाहेर काही नव्हतंच. जे होतं ते पेटीच्या आत होतं.

"साहेबाला तूच सांग," ती म्हणाली. "मी सांगितलं तर भांडण काढल्यावानी दिसंल."

केवढी शहाणी! माझंच नाव माझ्याच तोंडाने खाली उतरवायचं, आणि ही चांगली ती चांगलीच राहणार. मी "बघते" म्हणाले.

२६ जानेवारी

झेंडावंदन. साहेबांना सांगितलं नाही. तीही काही बोलली नाही. ती बोलली असती तर मला रागावता तरी आलं असतं.

२७ जानेवारी, शनिवार

आज खूप लिहायचं आहे.

साहेबांनी हुकूमच सोडला. वरून कुणी यायच्या आत वालूरलाही एकदा मोजून या, दोघींनी, संध्याकाळीच. तिला नाही म्हणता आलं नाही. देवगाव फाटा मागे पडला तेव्हा ऊन होतं आणि ती मुंजाजीशी छान गप्पा मारत होती. मग जसजसा दिवस गेला तशी गप्प होत गेली.

वालूरला उतरलो तेव्हा अंधारलं होतं. तिने माझा दंड घट्ट धरला. मला वाटलं, आता काय धरून चालवणार मला? मी हात सोडवून पुढे गेले. मागे धप्प आवाज झाला. ती नालीत पडली होती. गुडघाभर चिखल. समोर दुकानाचा दिवा होता, नाली लख्ख दिसत होती.

मी धावले. ती उठून हात पुढे करून चाचपडत होती. माझ्या तोंडाच्या बरीच बाजूला बघत म्हणाली, "नर्मदा? कुठं हायस?"

हातभर अंतरावर होते मी.

भिंतीवरची नजर, केवढाली अक्षरं, उलटलेला कप, सायकल. सगळं एकदम माझ्यापुढे येऊन उभं राहिलं.

"अक्का, तुम्हाला दिसत नाही?"

"दिवसा दिसतंय की. समोरचं. कडेचं न्हाई दिसत, बारीक आकडे न्हाई दिसत. अंधारात कायबी न्हाई. आईकडं मामाला बी असंच होतं." मग हळूच, "हापिसात सांगू नको गं. घरी बसवतील."

मी तिचा हात माझ्या खांद्यावर ठेवला. अक्का म्हणून गेले, हे नंतर लक्षात आलं.

दुकानातून वीज घेतली. मुंजाजीने अँटेना बांबूला बांधून हातात धरला. अक्का बटणांवर, मी कोपऱ्यातले आकडे वाचायला. आज मला ते वाचताना कमीपणा वाटला नाही, नुसती भीती वाटली, की चुकीचं वाचलं तर तिला कसं कळणार? अटेन्युएटर सगळ्यांत आधी तपासला. आमच्या चित्रावर ठिपका रोवला. जरासं उजवीकडे, अगदी चिकटून, एक परकं शिखर होतं.

"बारा खाली," मी वाचलं. मुंजाजीने बांबू वळवला. "नऊ खाली. चार. अक्का, आपल्या बरोबरीला आला! आता वर!"

"थांबीव," ती म्हणाली. "मुंजाजीमामा, बांबूच्या टोकावर कुणाचं घर हाय?"

आबासाहेबांचं. गावातला मोठा वाडा. अंगणात अर्धी गल्ली बसलेली आणि ओसरीवर रंगीत टीव्ही. त्याचं चित्र काचेसारखं. दिवाळीत घेतला म्हणे.

"या, या बाई!" आबासाहेब लोडावरूनच म्हणाले. "साऱ्या गावात रेषा, आन् हितं बघा. नशीब लागतंय त्याला बी!"

वर गच्चीवर अँटेनाला बूस्टर लावलेला होता. सिग्नल वाढवणारी डबी. अक्काने विचारलं, "ह्येचं बटण कुठं?"

"बटण कशाला? वायरवाल्यानं ओसरीच्या दिव्यालाच जोडलाय. दिवा लागला की हे बी लागतंय. तेवढीच वायर वाचली."

"आन् दिवसा चित्र कसं दिसतंय?"

"दिवसा कुठलं! दिवसा तुमचं केंद्रच मंद चालतंय. ते का आमाला कळत न्हाई व्हय?"

मी हसू दाबलं. अक्का म्हणाली, "दिवा मालवा बरं जरा."

मालवला. पडद्यावरचं परकं शिखर पडलं, आणि त्याच क्षणी शेजारच्या घरातून पोरं ओरडली, "गेल्या! रेषा गेल्या!" लावला, परत आल्या. बूस्टर बिघडून स्वतःच केंद्रासारखा ओरडत होता, साऱ्या गावावर. इकडे आबासाहेबांच्या टीव्हीवर मुंग्या आल्या होत्या.

"ह्ये बेस हाय! गावाचं भलं आन् माझं वाटोळं?"

त्यांच्या पत्नी कमलबाई आतूनच म्हणाल्या, "दिवाळीपासून गावाला जाळीआड बसवलंत. आता तुमी बसा चार दिस मुंग्या मोजत."

अंगण हसून लोळलं. मुंजाजीने गच्चीवर जाऊन अँटेनाचं तोंड आमच्या माळाकडे फिरवलं, आणि बूस्टरशिवायच चित्र आलं. आबासाहेबांनी मग सगळ्यांना चहा पाजला. अक्काला कप मी तिच्या हातात दिला.

२९ जानेवारी

साहेबांना सगळं सांगितलं. शून्यावरचा अटेन्युएटर, पेटीतलं शिखर, बुधवारीच कळलं होतं तेही. वालूरला कुणी शोधलं, तेही. फक्त नालीचं सांगितलं नाही.

"तुमच्या आकड्यावर मी वर फोन केला, बाई." त्यांनी आवाज चढवला नाही. "दिल्लीला चन्नबसम्मा बाईंचं नाव जाईल."

बरोबरच आहे. आणि तरी दाताखाली तोच खडा. मला वाटलं होतं, तिला दिसत नाही हे कळल्यावर हेवा जाईल. दया येईल. दया मला येत नाही. डोळे असून मी नसलेलं शिखर पाहिलं आणि तिने भिंतीकडे बघत ओळखलं. हेवा आता जास्तच वाटतो, फक्त त्याची लाज वाटत नाही.

६ फेब्रुवारी

साहेब म्हणाले, वैद्यकीय दाखला लागेल, डोळे-कान-छाती सगळं. अक्का म्हणाली, "मी जात न्हाई, साहेब."

"आता काय? घरची अडचण?"

साहेब माझ्याकडे वळले.

"हो साहेब," मी म्हणाले. "घरची अडचण आहे त्यांची."

त्यांनी कागदावर माझं नाव घातलं, तोंड वाकडं करून.

बायनाबाई म्हणाल्या, "निघालं म्हण की तुझंच नाव! मग हस की बया." हसले. दादांना उद्या सांगेन. ते मान वर करतील. नेमकं काय झालं, ते त्यांना सांगता येणार नाही.

अक्काला विचारलं, "मी गेल्यावर तुम्हाला वाचून कोण दाखवणार?"

"यंत्रच परत जायलंय. आपल्या मीटरचे काटे मोठे हायत, त्ये दिसतेत मला. तू तिकडं नीट शीक. आन् शून्यावर ठेवू नको."

९ फेब्रुवारी

यंत्र उद्या परत जाणार. पाचच्या आधी अक्काने एकदा शेवटचं चालू केलं. मी म्हणाले, "मला शिकवा, न बघता कसं करता ते."

"त्यात काय शिकवायचं? पहिलं बटण कोपऱ्यातलं, त्ये पीक. तितनं मोजत जायचं. बोटाला कळतंय."

तिने केलं. मी वाचला तो आकडा बरोबर आवाजाच्या शिखराचा होता. मग गुरुपादची घंटी वाजली आणि ती दाराची चौकट हाताला लागेपर्यंत सावकाश चालत गेली. आता तिचं ते चालणं मला दिसतं.

मी दार लावून घेतलं, डोळे मिटले आणि मोजत बटणं दाबली. उघडून पाहिलं तर ठिपका पडद्याच्या तळाशी रानगवतासारख्या बारीक खळबळीत कुठेतरी उभा होता, शिखर लांबच. पुन्हा केलं. पुन्हा.

शेवटच्या खेपेला बरंच जवळ गेले, पण अलीकडेच राहिले. किती अलीकडे, ते डेल्टा लावून पाहिलं नाही. यंत्र बंद केलं आणि सतरंजीत गुंडाळलं.